रुग्णालयातील पडदा : धुण्याचा की टाकून देण्याचा?

दोन खाटांमधील पडदा रुग्णाची लाज राखतो. सामायिक कक्षात स्त्री-रुग्णाची तपासणी, मलमपट्टी, बेडपॅन देणे ही सर्व कामे त्याच्याच आडोशाने होतात. परंतु रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर परिचारिकेचा हात हमखास लागतो, तोही या पडद्यालाच. खाटेचा कठडा नियमितपणे पुसला जातो; पडदा मात्र मळलेला दिसेपर्यंत तसाच लोंबत राहतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयातील पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नव्याने लावलेल्या १३ पडद्यांपैकी १२ पडदे आठवड्याभरातच जंतुदूषित झाल्याचे आढळून आले.

यावर एक उपाय म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचे, वापरून टाकून देण्याचे पडदे पुढे आले. ते हलके असतात, चटकन बदलता येतात व धुलाईची यातायात वाचते. परंतु हिशेब करून पाहावा. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात खाटेस एक पडदा धरला व तो दरमहा बदलला, तर वर्षाला ३६० पडदे लागतात. कापडी पडद्यांचे दोन संच, म्हणजे ६० पडदे, हेच काम अनेक वर्षे करतात. शिवाय रक्त किंवा शरीरद्रव लागलेले टाकाऊ कापड जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या वर्गात मोडते. त्याची विल्हेवाट हा वेगळा खर्च होय. आणि भांडारातील साठा संपला, की टाकून देण्याचा पडदाही महिनोन्‌महिने टांगलेलाच राहतो!

कापडी पडद्याची भिस्त धुलाईवर असते. ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान २५ मिनिटे धुलाई व्हावी, असा एक प्रचलित दंडक आहे. थंड पाण्यात पिळून काढलेला आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेला पडदा पांढराशुभ्र दिसला, तरी निर्धोक नसतो. म्हणून धुलाईचा ठेका देताना तापमानाची अट करारात घालणे अगत्याचे आहे.

सर्वसाधारण कक्षासाठी कापडी पडदाच परवडतो. विलगीकरण कक्षात, तसेच टंचाईच्या काळात धुलाईला पाणी नसेल तेथे, टाकून देण्याचा पडदा घेणे रास्त ठरते. कोणताही पडदा असो, तो लावल्याची तारीख त्याच्या काठावर लिहिलेली असावी आणि सांसर्गिक रुग्ण घरी गेल्यावर तारखेची वाट न पाहता तो उतरवावा. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी भेटीच्या वेळी ही तारीख अवश्य पाहावी.