पखाळ, खावसा आणि पहिला घास

प्रश्न : आम्ही मूळचे शिरपूरकडचे. मिस्टर पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये आहेत, म्हणून भेस्तानला राहतो. शेजारी ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचं कुटुंब आहे. उन्हाळ्यात त्या भाभींनी मोठ्या प्रेमानं वाटीभर पखाळ आणून दिली, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. आंबूस वास आला आणि घास घशाखाली उतरेना. त्यांच्यासमोर फार ओशाळल्यासारखं झालं. उलट माझा मुलगा मोबाइलवर विंचू, किडे खाणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो आणि ‘आपणपण खाऊ’ म्हणतो. परक्या पदार्थाची अशी किळस का येते? ती जाते का? आणि वेगळं काही खाऊन बघायचं तर सुरतेत सुरुवात कुठून करावी?

— एक वाचक, भेस्तान (सुरत)

उत्तर : ताई, आधी ते ओशाळणं सोडा. घास न उतरणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान नव्हे. तुमच्या शरीरानं त्याचं जुनं काम चोख केलं, एवढंच.

गाईला गवत खायचं हे ठरवावं लागत नाही. माणसाला ठरवावं लागतं, कारण तो जवळजवळ काहीही खाऊ शकतो. नवं काही तोंडात घातलंच नाही तर उपासमारीचा धोका, डोळे मिटून घातलं तर विषबाधेचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या पेचाचा आणि त्यातून येणाऱ्या किळसेचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग फार बोलका आहे. फळांच्या रसात त्यांनी झुरळ बुडवून काढलं. झुरळ मेलेलं आणि पूर्ण निर्जंतुक केलेलं होतं, आणि हे समोरच्याला सांगितलेलंही होतं. तरी लोकांना तो रस नकोसा झाला. किळस जंतूंचा हिशेब मांडत बसत नाही, ती आठवणीवर आणि शिकवणीवर चालते. तान्ह्या बाळाला ती नसते, म्हणून रांगतं मूल जमिनीवरचं काहीही उचलून तोंडात घालतं. ‘छी’ हे त्याला आपणच शिकवतो, आणि काय छी आणि काय नाही हे प्रत्येक घर आपापलं शिकवतं.

वासाचं तर आणखी नवल आहे. २००५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वास हुंगायला दिला. एकदा सोबत ‘चीज’ अशी अक्षरं दाखवली, एकदा ‘अंगाचा वास’ अशी. वास तोच होता, पण चीज म्हटल्यावर तो लोकांना जास्त बरा वाटला, आणि मेंदूच्या तपासणीतही हा फरक दिसला. तुमच्या वाटीतल्या आंबूस वासाला तुमच्या मनानं कोणतं नाव दिलं असेल? आपल्या घरात रात्रीच्या भातातून तो वास आला की आपण ‘भात विटला’ म्हणतो आणि टाकून देतो. भाभींच्या घरी त्याच वासाचा अर्थ ‘पखाळ तयार झाली’ असा होतो.

पण तुम्ही खानदेशच्या आहात, म्हणून विचारते. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू भिजत घालता ना? तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं की जो वास येतो, त्यानं बाहेरचा माणूस दोन पावलं मागे सरेल. आपल्याकडे त्या वासानं लेकरं गोळा होतात, कारण आता चीक शिजणार आणि वाटीतून गरम गरम खायला मिळणार हे त्यांना ठाऊक असतं. गहू आंबवणं आणि भात आंबवणं यांत फारसं अंतर नाही. दोन्हीकडे ओलं धान्य, उन्हाळ्याची ऊब आणि आंबटपणा आणणारे सूक्ष्म जीव हेच काम करतात.

पखाळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचा घास का अडला याचं उत्तर मला त्या वाटीतच दिसतं. भात शिजवून निववायचा, पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायचा. सकाळपर्यंत तो हलकासा आंबतो. वरच्या पाण्याला ओडिया लोक तोराणी म्हणतात आणि तेही पितात. कडक उन्हात आणि यंत्रमागांच्या धडधडीत पाळी करणाऱ्या माणसाला पोटभर अन्न, पाणी आणि मीठ एकाच वाडग्यात मिळतं. पुरीच्या जगन्नाथाच्या भोगातही पखाळ आहे, आणि २० मार्चला जगभरचे ओडिया ‘पखाळ दिवस’ साजरा करतात. पूर्व भारतात तिची भावंडंही आहेत. बंगालचा पांता भात त्यांतलाच. २०२१ साली मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या स्पर्धक बाईंनी परीक्षकांपुढे तोच ठेवला होता, बटाट्याचं भरीत आणि मासळी यांच्या जोडीनं.

ती जोडी महत्त्वाची आहे. पखाळ नुसती खायची नसतेच. तिच्याबरोबर बडीचुरा हवा. उडदाच्या वाळवलेल्या बड्या, म्हणजे आपल्या सांडग्यांच्या जातीच्या, तळून किंवा भाजून लसूण, कांदा, हिरवी मिरची घालून चुरायच्या आणि वर कच्च्या मोहरीच्या तेलाची धार सोडायची. परतलेली पालेभाजी, वांग्याचे काप, ऐपतीप्रमाणे तळलेली मासळी आणि चावायला कांदा. भात गार आणि बुळबुळीत, जोडीचं सगळं कुरकुरीत आणि झणझणीत. तुम्हाला त्यातला फक्त भात मिळाला. कळण्याच्या भाकरीशिवाय, पातीच्या कांद्याशिवाय, नुसतं गार भरीत कुणाच्या हातात ठेवलं तर त्याला जळगावच्या वांग्याची काय पारख होणार? म्हणून माझा पहिला सल्ला असा, की भाभींना सांगा, मला तुमच्याकडे बसून, तुम्ही खाता तसं खायचंय. घास लहान घ्या, बडीचुऱ्याबरोबर घ्या. शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या आपल्या जिभेला कच्चं मोहरीचं तेल नाकात झणका देतं, तेव्हा ते आधी बेतानंच.

किळस जाते का? बहुतेक वेळा जाते, पण एका घासात नाही. लीअन बर्च या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात लहान मुलांपुढे अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले. जितक्या वेळा चाखलं, तितकी आवड वाढत गेली. त्यातली मेख अशी की नुसतं बघून किंवा हुंगून चवीची आवड वाढली नाही, पदार्थ जिभेवर जावा लागला. आणि पोटात जाऊन काही बिघडलं नाही हे शरीराला कळावं लागलं. मोठ्यांनाही हाच मार्ग आहे. घाई करू नका, आणि मुलांवर ‘संपवच’ अशी बळजबरी मुळीच करू नका. बळजबरीनं खाल्लेलं अन्न कित्येकदा जन्मभर नावडतं होतं.

एक काळजी मात्र घ्यायची. शिजलेला भात उबेत उघडा राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवल्यानं मरत नाहीत आणि त्यानं सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून घरी पखाळ करायची तर भात लवकर निववा, स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवा, एका रात्रीपुरताच ठेवा. तार सुटली किंवा कुजका वास आला तर टाका. गरोदर बाई, तान्ही मुलं, आजारी माणसं यांना पखाळ देऊ नये. आंबलेलं आणि कुजलेलं यांतला फरक जाणत्या माणसाच्या नाकाला कळतो. तुम्हाला तो शिकवणारं जाणतं माणूस शेजारीच आहे.

आता सुरतेचं. तुमच्या दारातून उधना गाठलं की जळगावची गाडी मिळते, त्याच तापी लाइननं अर्धा खानदेश सुरतेत आला. पण या शहरात माणसं येण्याची रीत त्याहून फार जुनी आहे, आणि प्रत्येकानं काहीतरी रांधायचं मागे ठेवलं आहे.

सुरुवात पोंकनं करा. ज्वारीची कोवळी कणसं भाजून झोडलेले हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. हा आपला हुरडाच. हिवाळ्यात सुरतेत मिळतो. यात धाडस काही नाही, पण ओळखीच्या दाण्याबरोबर अनोळखी शेव खाताना जीभ हळूच सैल होते.

मग तापीपलीकडे रांदेरला जा आणि खावसा खा. मला स्वतःला सुरतेतला हा सगळ्यात सुंदर पदार्थ वाटतो. रांदेरचे मुसलमान व्यापारी एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशात जाऊन स्थिरावले. रंगूनमधला सुरती बाजार आणि आजही उभी असलेली सुरती सुन्नी जामा मशीद ही त्यांच्या वैभवाची खूण. १९४२ साली जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो हिंदी लोक तिथून निघाले, अनेकांनी डोंगर-जंगलातून पायी वाट तुडवली. १९६२ च्या लष्करी उठावानंतर दुकानं-धंदे सरकारजमा झाले तेव्हा उरलेल्यांतले बरेच परतले. धनदौलत तिकडे राहिली, पण नारळाच्या दुधाचा, बेसन लावून दाट केलेला रस्सा नूडल्सवर ओतून, वर तळलेलं कुरकुरीत काही, लसूण, तिखट आणि लिंबू घेऊन खायची सवय इकडे आली. रमजानच्या संध्याकाळी रांदेरच्या गल्लीत खावसा आणि रंगूनी पराठा दोन्ही मिळतात. शाकाहारी खावसाही शहरात करतात. नारळाचा रस्सा आणि बेसन आपल्या ओळखीचं, त्यांची सांगड मात्र पूर्ण नवी. पखाळीनं दचकलेल्या माणसाला हा रस्ता सोपा जातो.

पारश्यांचं टोपलीतलं पनीरही चाखा. बांबूच्या इवल्या टोपल्यांत विरजवलेलं, निवळीत तरंगणारं, जिभेवर विरघळणारं. पारंपरिक रीतीत दूध धरवायला प्राण्याच्या जठरातलं विरजण वापरतात, तेव्हा शाकाहारी असाल तर घेण्याआधी विचारा. पाव-बिस्किटांची नानपुऱ्यातली परंपरा डचांच्या वखारीपर्यंत मागे जाते असं सुरतकर सांगतात.

मला आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. परक्या मुलखाचं खाणं चाखायला आपण उत्सुक असतो, पण आपल्याच गावातल्या दुसऱ्या आळीचं ताट आपण पाहिलेलं नसतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर शिजणारं अन्न त्यात आहे : रक्ती, वजडी, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या. मराठी पाककृतींच्या पुस्तकांच्या ढिगात हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या फारसे आले नव्हते. ज्यांना जनावराचा उत्तम भाग कधी मिळू दिला नाही, त्यांनी उरलेल्यातून चव उभी केली, आणि वर त्याच अन्नावरून त्यांना हिणवलं गेलं. किळस शिकवलेली असते असं मी वर म्हटलं, ती कुणी आणि कशासाठी शिकवली हेही एकदा विचारायला हवं. ओडिया भाभींच्या वाटीनं तुमच्या मनात कुतूहल जागं केलंच आहे, तर ते इथपर्यंत येऊ द्या.

राहिला तुमचा मुलगा. त्याला रागावू नका, त्याचं कुतूहल खरं आहे. पण त्याला दिसणारे विंचू काडीला टोचून पर्यटकांसाठी मांडलेले असतात. खाणारा कॅमेऱ्याकडे बघत ते चावतो आणि तोंड वेडंवाकडं करतो. ज्यांच्या घरी कीटक खरोखर खाल्ले जातात तिथे कुणी असं तोंड करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ च्या अहवालात म्हटलं, की जगात सुमारे दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून अधिक आहेत. त्यासाठी बँकॉक गाठायला नको. भाभींच्याच ओडिशात, मयूरभंजच्या सिमिलिपालमधल्या तांबड्या मुंग्यांच्या ‘काई’ चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावरची पानं शिवून घरटं करणाऱ्या या मुंग्या अंड्यांसकट मीठ, मिरची, लसूण घालून वाटतात, चव लिंबासारखी आंबट. बस्तरमध्येही ही चटणी होते आणि गडचिरोलीच्या माडियांच्या जेवणातही आहे. मुलाला हे सांगा. मुंग्या कोण गोळा करतं, घरटं कसं उतरवतात, चटणी कशाबरोबर खातात, हे त्याला आधी शोधू दे. त्या माहितीनंतरही त्याला खायची इच्छा राहिली तर ती जपण्यासारखी आहे.

अंगणातली मुंगी किंवा टोळ पकडून तव्यावर टाकण्याचा प्रयोग मात्र करू देऊ नका. शेतातल्या किड्यांवर कोणती फवारणी झाली ते कळत नाही, आणि खाण्याच्या जाती जाणकारच ओळखतात. शिवाय कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना कीटकही सोसत नाहीत असं अनेकदा दिसतं, कारण दोघांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. तेव्हा झिंगे खाऊन त्याच्या ओठांना सूज किंवा अंगाला पुरळ येतं का, ते आधी आठवून बघा. येत असेल तर किड्यांचा बेत रद्दच करा आणि त्याला रांदेरला खावसा खायला न्या.