कागदावरचे मरण

युद्धाची कथा म्हटली की आम्हां काशीमिऱ्याच्या रहिवाशांस खाडीपलीकडील वसईचा १७३९ चा वेढा आठवतो. तेथे विनोदास जागा कोठली? परंतु जोसेफ हेलर या अमेरिकन लेखकाची ‘कॅच-२२’ (१९६१) ही कादंबरी वाचताना आम्हांस हसू आवरेना. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांतून गेलेला. कादंबरीतील नियम असा की, वेडा ठरेल त्यास उड्डाणाची माफी. मात्र त्याने ती मागितली पाहिजे, आणि जो मागतो तो जिवास जपणारा, अर्थात शहाणाच!

पुढे भत्त्यासाठी एका डॉक्टराचे नाव विमानाच्या यादीत खोटेच लिहिलेले असते. विमान कोसळते, आणि समोर उभा असलेला डॉक्टर कचेरीच्या लेखी मृत ठरतो! त्याच्या पत्नीसही तसे कळविले जाते. येथे मात्र आमचे हसू मावळले.

ही कथा १९४४ च्या इटलीतील. वाचकहो, त्याच वर्षी, त्याच देशात माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनवर चाल केली व तेथेच देह ठेवला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हेलरचा उपहास कचेरीतील साहेबांवर आहे, अशा शिपायावर नाही. तरीही, त्यांच्या घरी ती वार्ता कोणत्या कागदाने पोचली असेल, हा विचार आमच्या मनातून जाईना.