रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरू नका

लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजारात, शौचाची कळ आली की दम धरता येत नाही. डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ काय, हे मी सोसलं आहे. सकाळी उपाशीच निघायचं, ठाण्याला उतरून फलाटावर धावायचं.

रक्त आणि आव पडत होती. जवळच्या एका दवाखान्यात आधी मूळव्याधीची औषधं मिळाली, मग आमांशाची. दुर्बिणीतून तपासणीचं कुणी नाव काढलं नाही. हिमोग्लोबिन पार खाली गेलं, तेव्हा पोटविकारतज्ज्ञांनी कोलोनोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला. तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं.

रात्री झोपेतून उठवणारी कळ, रक्त आणि घटणारं वजन अंगावर काढू नका. खासगी खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएममध्ये पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार) आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणं फार सारखी दिसतात, म्हणून निदानाची घाई करू नये, पण ते टाळूही नये.

औषधांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. मेसालामाइन बरं वाटू लागल्यावरही चालू ठेवायचं असतं. आजार शांत ठेवणं हेच त्याचं काम. स्टेरॉइड मात्र भडकलेला आजार विझवण्यापुरतंच. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ते पुन्हा पुन्हा आणणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि चालू असलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणंही धोक्याचं, ते डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं असतं. प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन सुरू झालं की रक्ततपासणी चुकवू नका: आशियाई लोकांपैकी काहींच्या जनुकांत असा फरक असतो की पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन देण्याआधी क्षयाची तपासणी लागतेच. गुडघे, दात, कंबर दुखली तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, आजार उसळू शकतो.

पथ्याच्या बाबतीत शेजारीपाजारी खूप सल्ले देतात. हा आजार कोणत्याही एका पथ्याने बरा होत नाही. आजार भडकलेला असताना मऊ भात, मुगाची खिचडी, साल-बी काढलेल्या भाज्या पचतात. शांत असताना घरातलं सगळं खावं. दूध बाधत असेल तरच सोडा. सगळंच सोडून बसल्यावर माझं वजन आणखी घटलं होतं, आजारापेक्षा उपासमारीने. काय खाल्लं, कसं वाटलं, हे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आजाराला साधारण आठ वर्षं झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्यापुढे ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागते. बरं वाटत असलं तरी ती टाळू नका.