‘सा’ नसलेलं संगीत ऐकायचं कसं?

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं वेबर्न यांची पियानोची एक रचना ऐकवली. तो तिच्यावर फिदा आहे. मला मात्र कुणी वाट्टेल त्या पट्ट्या दाबतंय असंच वाटलं. माझा कान कमी पडतो का?
— एक वाचक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : मुळीच नाही. तुमचा कान तयार आहे, म्हणूनच तो अडखळला. पेटीवर आधी पट्टी ठरते, मग सा. अभंग कितीही वर चढला तरी शेवटी सा वर येऊन टेकणार, याची खात्री असते. या संगीतानं नेमकी तीच खात्री काढून घेतली आहे.

सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा स्वरांचा रचनाकार एक क्रम ठरवतो. बाराही स्वर त्या क्रमानं येतात, त्यामुळे कुणा एकाला राजेपद मिळत नाही. हाच क्रम उलटा किंवा आरशातल्यासारखा फिरवूनही वापरतात. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९२१ ते १९२३ या काळात लिहिलेला पियानो सुइट या पद्धतीवर उभा आहे. आंतोन वेबर्न हे त्यांचे शिष्य.

मग मतं वेगळी का? १९८७ मध्ये कॅरोल क्रमहान्सल आणि सहकाऱ्यांनी शोनबर्ग यांच्या स्वरक्रमांवर श्रोत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरळ दोन तऱ्हा दिसल्या. काही श्रोते या क्रमांतही ओळखीच्या सुरावटींचा आधार शोधत होते. काही तो आधार टाळत होते, आणि संगीताचं औपचारिक शिक्षण त्यांच्यात जास्त होतं. कानाला सवय कशाची, यावर बरंच अवलंबून असतं.

पण जाणकारांचंही एकमत नाही. वेबर्न यांची ‘व्हेरिएशन्स’ (१९३६) ही रचना १९३७ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवली ती पेटर श्टाडलेन यांनी. त्यांच्या सांगण्यानुसार, तालमीत वेबर्न गाऊन, हातवारे करून भाव समजावत. स्वरक्रमाबद्दल विचारलं तरी सांगत नसत. पुढे याच श्टाडलेन यांनी या पद्धतीवरच जाहीर शंका घेतली.

तेव्हा क्रम ओळखायच्या भानगडीत पडू नका. याच रचनेचा दुसरा, मिनिटभराचाही नसलेला भाग लावा आणि पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा धरा. त्या भागातला प्रत्येक स्वर या पांढरी सहाच्या जितका वर, तितकाच त्याचा जोडीदार खाली. मधूनमधून पांढरी सहा स्वतःच लागोपाठ दोनदा वाजते. हा सा नव्हे, पण कानाला धरायला खुंटी मिळते.

तालाच्या अंगानं जायचं असेल तर फ्रान्सच्या ऑलिव्हिए मेसियाँ यांची १९४९ची ‘काँतेयोजाया’ ऐका. यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त नोंदवलेल्या देशी तालांचा मेसियाँ यांनी आयुष्यभर अभ्यास केला, ते ताल या पियानोरचनेत आहेत. म्हणजे त्यातला काही ऐवज आपल्या मराठवाड्यातच लिहिला गेला.

एवढं करूनही मन रमलं नाही, तर तसं भाच्याला खुशाल सांगा. लक्ष देऊन ऐकल्यावरची नावड हा अडाणीपणा नसतो, तेही एक मतच असतं. त्याची आवडही तितकीच खरी आहे. त्या रचनेत त्याच्या कानानं काय धरलं, हे मात्र त्याला जरूर विचारा.