आमची होडी वाकडी का जात होती?

आमचे गाव नेवासा तालुक्यात, नाथसागराच्या काठाला आहे. माझे वडील, म्हणजे आण्णा, मासे धरतात. त्यांचा खांदा आखडल्यापासून सुट्टीच्या दिवशी वल्ही मी धरू लागलो. पण होडी सरळ जाईच ना! उजव्या हाताला फोड आले, मुठी गुडघ्यांवर आपटायच्या. एकदा वारा सुटला, आणि काठ समोर दिसत असूनही पोचायला अंधार पडला. आण्णा म्हणाले, "तुझ्यात दम न्हाई. तू आता घरीच थांब." मला लई वाईट वाटले.

शेवटी मी शेजारच्या तात्यांकडे गेलो. ते जुने नावाडी आहेत. होडीत बसून म्हणाले, "दम हाय रं तुझ्यात. वल्ही चुकलीत."

वल्हे खुंटीला दोरीच्या फासात अडकवलेले असते. तात्यांनी फासापासून मुठीपर्यंत विती मोजल्या. डाव्या वल्ह्याच्या साडेतीन भरल्या, उजव्याच्या तीनच! फास सैल होऊन वल्हे बाहेर सरकले होते. गुरुजींनी शिकवलेली तरफ आठवा. फास म्हणजे टेकू. टेकूच्या आतला भाग आखूड झाला की हाताला जड जाते. हापशाचा दांडा टोकाऐवजी मध्यावर धरून हापसून पाहा, म्हणजे कळेल. आणि दोन वल्ही सारखी नसली की होडी वळणारच.

तात्यांनी दोन्ही फास साडेतीन वितींवर आवळले व तिथे लाल रंगाची खूण केली. खुंट्यांखाली लाकडाची पट्टी ठोकली, तेव्हा मुठी गुडघ्यांवरून मोकळ्या फिरू लागल्या. पाय टेकायची फळी आण्णांच्या मापाची होती, माझे पाय तिथवर पोचतच नव्हते. पायाला आधार नसेल तर जोर लावताना आपणच सरकतो. ती फळी जवळ आणली. खर्च झाला फक्त खिळ्यांचा.

मला वाटले, ही आपली गावठी युक्ती. पण गुरुजी म्हणाले, शर्यतीच्या होडीतही हेच करतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे गाव आहे. तिथले दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत ते तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यांना सुवर्णपदक मिळाले. एकट्याची होडी सुमारे ८ मीटर लांब, पण वजन १४ किलोच्या आसपास. आमची होडी चौघांनाही उचलत नाही! शर्यतीच्या होडीत बसायची जागा रुळांवर पुढे-मागे सरकते. बूट होडीलाच पक्के केलेले असतात, तेही मापाप्रमाणे हलवता येतात. वल्ह्याचा टेकूही वर-खाली करता येतो.

पुढच्या रविवारी होडी सरळ जाळ्यापाशी गेली. आण्णा काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर दोर बांधताना एवढेच म्हणाले, "पुढल्या ऐतवारी बी ये."