आवाज हाती नसेल तर नाव देऊ नका

स्कॉटलंडच्या पाइनवनांत स्कॉटिश क्रॉसबिल पाहायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं आहे: दुर्बीण असेल तशी चालेल, पण चांगला रेकॉर्डर जवळ असू द्या. जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या या फिंचला १९८० मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. मात्र त्याच जंगलांत कॉमन आणि पॅरट क्रॉसबिलही असतात. तिघांचे नर तांबडे, माद्या हिरवट, तिघांच्याही चोचीची टोकं एकमेकांवरून गेलेली. कॉमनची चोच सडपातळ, पॅरटची दणकट, स्कॉटिशची मधली. हा फरक मिलिमीटरांतला. उंच शेंड्यावर शंकू फोडत बसलेल्या पक्ष्याची चोच जमिनीवरून ‘मधली’ ठरवताना आपल्याला हवं तेच दिसतं. जागेचाही आधार नाही, कारण जुन्या पाइनवनात पॅरटही वीण करतो आणि स्कॉटिश लागवडीच्या जंगलातही राहतो.

खात्रीचा पुरावा म्हणजे आवाज, आणि तोही नुसत्या कानाने ऐकलेला नव्हे. उडतानाची आणि उत्तेजित झाल्यावरची साद ध्वनिमुद्रित करून तिचा सोनोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, पाहिला की तिघं वेगळे पडतात. या क्रॉसबिलांची २००८ ची गणना याच पद्धतीने झाली. यावर कुणी म्हणेल, २००१ च्या जनुकीय अभ्यासात तिघांत स्पष्ट फरक सापडला नाही, मग एवढा खटाटोप कशाला? पण हे पक्षी जोडीदार निवडतात ते बहुतांशी आपल्याच मापाच्या चोचीचा आणि आपल्याच सादेचा. पक्षी स्वतः जो भेद पाळतात, तो आपण दुर्लक्षून कसं चालेल? ‘आम्ही हौशी, आमच्या यादीने काय बिघडतं?’ हेही मला पटत नाही. नोंदी जमत जातात, त्यांवरून पक्षी कुठे आणि किती आहे हे ठरतं, आणि खोट्या भरवशावर जंगलतोडीचे निर्णयही होऊ शकतात.

मात्र रेकॉर्डिंगसाठी साद वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. क्रॉसबिलची वीण हिवाळा सरण्याआधीच सुरू होऊ शकते, आणि ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्याजवळ त्यांना मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे. त्यापेक्षा डबक्याजवळ थांबा. कोरड्या बियांवर जगणारे हे पक्षी पाण्यावर वरचेवर उतरतात. तिथे साद मिळाली नाही, तर वहीत ‘क्रॉसबिल, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा.