उंदराने कुरतडलेली वायर : नुसती टेप पुरत नाही

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या मारुती ८०० चे बॉनेट उघडले की उंदराचा प्रताप दिसतो. पुष्कळ कारागीर बंधू उघड्या तारेवर टेप गुंडाळून गाडी सोडतात. आम्हीही पूर्वी तेच करीत होतो. पण इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, तारा टेकतात आणि शॉर्ट होऊन गाडी पेटू शकते.

प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. हातमोजे घालावेत, उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तांबे काळे-हिरवे पडले असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावे, काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. नवा तुकडा त्याच जाडीचा, शक्यतो त्याच रंगाचा घ्यावा. स्लीव्ह आधी ओवावी (आम्ही कितीदा विसरलो!), मग सोल्डर करावे. शेजारच्या तारांचे जोड मागेपुढे ठेवावेत. फ्यूज मूळ अँपियरचाच लावावा. त्याजागी तांब्याची तार घातली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते आणि गुंडाळीच्या आतले काम त्याला दिसत नाही. म्हणून गुंडाळण्यापूर्वी त्याला जोड दाखवावेत, कापलेले तुकडे हाती द्यावेत. कामाला वेळ लागतो, तेव्हा मजुरी मात्र आधीच सांगावी.